गेम ऑफ थ्रोन्स दुसऱ्यांदा: डॅनी बिघडली, की बिघडवली?

आडवाट

आधीच सांगते, या धाग्यात पहिल्या एपिसोडपासून शेवटच्यापर्यंत सगळं उघड लिहिलंय. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

१९ मे २०१९ला शेवटचा एपिसोड आला आणि तेव्हा मी जी रुसले, ती मालिकेचं नावही काढत नव्हते. यंदा भाच्याने हट्ट धरला. वय १९, आणि शेवटी काय होतं याचा त्याला पत्ताच नव्हता. हे आजच्या काळात कसं शक्य झालं देव जाणे. २०११मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा हा बालवाडीत होता. ७३ एपिसोड आम्ही अडीच महिन्यांत संपवले.

खरं तर मी मालिका बघतच नव्हते, त्याचा चेहरा बघत होते. नायक वाटणाऱ्या नेड स्टार्कचं मुंडकं उडालं तेव्हा तो उठून खोलीबाहेर गेला. रेड वेडिंगनंतर, म्हणजे लग्नातल्या त्या कत्तलीनंतर, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू लग्नाची पत्रिका मीच छापली होती. आणि शेवटून दुसऱ्या एपिसोडची, 'द बेल्स'ची, तर मी टपून वाट बघत होते. राजधानी किंग्ज लँडिंगने शरणागतीची घंटा वाजवली, राणी डॅनीचा चेहरा पिळवटला, तिच्या ड्रॅगनने, ड्रोगॉनने, झेप घेतली, आणि शरण आलेलं शहर जळायला लागलं. म्हटलं आता हा किंचाळणार. हा शांतपणे म्हणाला, "मावशी, ही तर पहिल्यापासून अशीच होती ना?"

मी गप्प. आठ वर्षं जिच्यासाठी मी लोकांशी भांडले तिला या पोराने अडीच महिन्यांत ओळखली.

त्याला खटकलं ते वेगळंच. सातव्या सीझनमध्ये जॉन आणि मंडळी उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात मुडद्यांच्या वेढ्यात अडकतात. गेंड्री पळत भिंतीवरचं ठाणं ईस्टवॉच गाठतो, तिथून निरोपाचा कावळा डॅनीच्या बेटावर, ड्रॅगनस्टोनला जातो, डॅनी तिन्ही ड्रॅगन घेऊन उडत येते, आणि तोवर तळ्यावरचे लोक आहेत तिथेच आहेत. भाचा म्हणाला, "पहिल्या एपिसोडमध्ये राजाला विंटरफेलला यायला महिना लागला होता ना?" लागला होता. त्याची राणी सर्सी तसं बोलूनही दाखवते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. या मालिकेत जे जे आपल्याला आवडलं ते रस्त्यात घडलं. आर्या आणि हाउंड. जेमी आणि ब्रिएन. पोचायचं लांब होतं म्हणून माणसांना एकमेकांशी बोलावं लागायचं, आणि बोलता बोलता ती बदलायची. शेवटच्या दोन सीझनांत रस्ताच काढून टाकला. माणूस एका दृश्यात इथे, पुढच्यात तिथे. डॅनी बिघडली हे मला आता पटतं. पण बिघडायला तिला रस्ता दिला नाही, नुसतं मुक्कामाला नेऊन सोडलं.

तुमचं काय मत? पिसं काढायची असतील तर माझी काढा, भाच्याची नको.

चकवा

धागा आवडला, पण भाच्याशी सहमत आणि तुमच्याशी असहमत. रस्ता भरपूर दिला होता हो, आपण डोळे मिटून चाललो.

सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जात होतं तेव्हा ही शांत उभी होती. कार्थमध्ये झारोला जिवंतपणी तिजोरीत कोंडलं. मीरीनमध्ये १६३ मालकांना खांबांवर ठोकलं. त्यांनी १६३ गुलाम पोरांना तसंच मारलं होतं म्हणून आकडा जुळवला, पण त्यातल्या कोणी काय केलं होतं हे विचारलं नाही. नंतर त्यांच्यातल्याच एकाचा मुलगा हिझदार येऊन सांगतो की माझा बाप तर त्या पोरांना मारायच्या विरोधात होता. पुढच्या सीझनमध्ये एका मालकाला ड्रॅगनपुढे टाकलं, आणि तेव्हा तिने स्वतःच म्हटलं की तुमच्यातले सगळे निरपराध असतीलही.

शिशुपालाचे शंभर अपराध कृष्णाने निदान मोजले होते. आपण प्रत्येक अपराधाला टाळ्या वाजवल्या आणि १०१व्याला विचारलं, अरे हे कुठून आलं?

पानगळ

चकवा, तुझी यादी बरोबर आहे आणि तरीही ती अर्धीच आहे. चौथ्या सीझनचा शेवट आठव. मीरीनमध्ये एक मेंढपाळ कापडात गुंडाळलेली जळकी हाडं घेऊन डॅनीपुढे येतो. ड्रोगॉनने त्याची तीन वर्षांची पोर जाळलेली असते. ड्रोगॉन तर हाती लागत नाही, पण उरलेल्या दोघांना ती स्वतः तळघरात नेते, स्वतःच्या हाताने गळ्यात साखळ्या घालते आणि रडत रडत बाहेर येते. ज्यांना ती माझी लेकरं म्हणते त्यांना!

एका परक्या पोरीसाठी जिने लेकरांना साखळीत घातलं, ती हजारो पोरांवर आग ओतते. ओतू शकते, मी नाही म्हणत नाही. माणसं कुठल्या कुठे जातात. पण 'ही' डॅनी ते 'ती' डॅनी यात कितीतरी घडायला हवं ना? तुझ्या यादीतले सगळे अपराध शत्रूंवरचे आहेत. रस्त्यावर पळणारी बाई, तिचं कडेवरचं मूल, हे तिचे शत्रू कधीच नव्हते. उलट त्यांच्या नावावरच तिचा सगळा संसार उभा होता.

म्हणजे खुणा होत्या, वाट नव्हती. आडवाट म्हणतेय ते हेच.

शेवटचा बाक

पानगळ +१.

खुणांचंच बोलायचं तर माझी आवडती खूण दुसऱ्या सीझनच्या शेवटी आहे. अमरांच्या घरात, म्हणजे त्या जादूगारांच्या मनोऱ्यात, डॅनीला सिंहासनाची खोली दिसते. छत कोसळलेलं, वरून पांढरं काहीतरी पडतंय. २०१२मध्ये आपण सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं, बर्फ! हिवाळा येतोय! शेवटचा एपिसोड बघताना लक्षात आलं की ती राखही असू शकते. त्या दृष्टान्तात ती सिंहासनाकडे हात नेते आणि न शिवताच माघारी वळते. शेवटच्या एपिसोडमध्ये शिवते. पुढे काय झालं ते आहेच.

एवढं नीट विणलेलं कापड शेवटच्या हातभर लांबीला असं उसवावं याचं वाईट वाटतं.

ढगफूट

मी वेगळंच म्हणेन. डॅनी-जॉन-सर्सी सोडा, मालिकेचा खरा खून डॅनीच्या सल्लागाराचा, म्हणजे सर्सीच्या भावाचा, टिरियनचा झालाय. चौथ्या सीझनच्या शेवटी बापाला संडासात बाण मारून तो जहाजात बसला, तेव्हा हुशार टिरियन किनाऱ्यावरच राहिला. जहाजातून उतरला तो कोणीतरी तोतया.

पुरावे: मृत सैनिक पकडून सर्सीला दाखवायची कल्पना कोणाची? याची. त्यापायी एक ड्रॅगन गेला आणि मुडद्यांचा राजा नाइट किंगला भिंत पाडायचं साधन मिळालं. मुडदे उठवणारा शत्रू दारात असताना बायकामुलांना थडग्यांच्या तळघरात पाठवलं, आणि हा दीडशहाणाही त्यांच्यासोबत तिथेच बसलेला. थडग्यांत! मी टीव्हीसमोर बसून ओरडत होतो.

आणि शेवटी बेड्या घातलेल्या अवस्थेत भाषण ठोकून राजा कोण ते हाच ठरवतो. का, तर म्हणे ब्रॅनची कहाणी सगळ्यांत भारी. अरे ज्या ब्रॅनला एक अख्खा सीझन, पाचवा, दाखवलाच नाही, त्याची?

उंबरठा

ढगफूट, हसून हसून पुरेवाट. "कोणीतरी तोतया" मस्त.

त्या सभेबद्दल माझाही एक प्रश्न कायमचा आहे. नेडची मुलगी सान्सा म्हणते उत्तरेचं राज्य स्वतंत्र राहील, नवा राजा झालेला भाऊ ब्रॅन म्हणतो राहू दे. बरं. शेजारी यारा बसलीये. लोहद्वीपांच्या स्वातंत्र्याचा सौदा तिने सहाव्या सीझनमध्ये डॅनीशी करून ठेवला होता. डॉर्नचा राजपुत्र बसलाय, ज्याच्या पूर्वजांना ड्रॅगनसुद्धा जिंकू शकले नव्हते. हे दोघं माना डोलावतात! एकाने तरी विचारायचं होतं, आम्हालाही मिळेल का?

सांजपक्षी

इतका वेळ नुसती वाचत होते, पण सान्साचा विषय निघाला म्हणून लिहिते.

मला 'द बेल्स'चा राग नाही. माझा राग त्याच्या आधीच्या एपिसोडवर आहे. मेजवानीत हाउंड सान्साला म्हणतो, तू माझ्याबरोबर किंग्ज लँडिंगमधून पळून आली असतीस तर हे सगळं भोगावं लागलं नसतं. ती म्हणते, लिटलफिंगर, रॅमसी वगैरे झालं नसतं तर मी जन्मभर भित्री चिमणीच राहिले असते. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला सान्सा कधी कळलीच नाही. छळणाऱ्या नवऱ्याने, रॅमसीने, तिला घडवलं? आणि ती जॉफ्रीच्या दरबारात मार खाऊनही कशी जपून बोलत राहिली, सर्सीकडून गुपचूप काय काय शिकली, ईगल्स नेस्टमध्ये सगळ्या सरदारांपुढे अर्धं खरं सांगून लिटलफिंगरला कसं वाचवलं, ते? ती रॅमसीच्या आधीच शहाणी झाली होती. अत्याचाराला गुरुदक्षिणा द्यायची काही गरज नव्हती.

पुस्तकात तर रॅमसीशी लग्न तिचं होतच नाही, तिची मैत्रीण जेन पूल हिचं होतं, सान्साची धाकटी बहीण आर्या म्हणून खपवून. मालिकेने ते सान्सावर आणून टाकलं. आणलं ते आणलं, वर त्याचे आभारही तिच्याकडूनच मानून घेतले.

चकवा

सांजपक्षी, दंडवत. एक बारीक दुरुस्ती, ते ईगल्स नेस्ट नाही, आयरी. बाकी शब्दन् शब्द पटला.

सांजपक्षी

हो, आयरी! घाईत लिहिलं. गरुडाचं घरटं डोक्यात होतं.

मुक्काम पोस्ट

इतके प्रतिसाद आले आणि सर्सीच्या जुळ्या भावाचं, जेमीचं, नाव धाग्यात फक्त एकदा. लाज वाटू द्या.

ज्या माणसाने पहिल्याच एपिसोडमध्ये दहा वर्षांच्या पोराला खिडकीतून ढकललं, त्याच्यासाठी तिसऱ्या सीझनमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात तुटलेला, तापाने फणफणलेला, हरनहॉलच्या हौदात बसून ब्रिएनला सांगतो की मी राजाला का मारलं. वेडा राजा एरिस अख्खं शहर जाळायला निघाला होता. लाखो माणसं वाचवली, आणि बदल्यात आयुष्यभर 'किंगस्लेयर' ही शिवी कमावली. असा खलनायक टीव्हीवर दुसरा नाही.

आता त्याच शहरासाठी, त्याच लोकांसाठी, आठव्या सीझनमध्ये हा टिरियनला सांगतो की मला त्यांचं कधीच काही पडलं नव्हतं. एका वाक्यात पाच सीझन पुसले! ब्रिएनला रडती सोडून सर्सीकडे गेला याचं मला एक वेळ चालेल. पण हे वाक्य नाही.

पानगळ

जेमीच्या बाबतीत मी थोडी मऊ आहे. सर्सी, बहीण आणि प्रेयसी, हे त्याचं व्यसन होतं, आणि व्यसनी माणूस चांगली चार वर्षं काढून परत तिथेच गेला तर त्याला खोटं म्हणता येत नाही. वाईट वाटतं, पण खोटं नाही. ते वाक्य मी असं ऐकते की तो स्वतःलाच पटवतोय. जो माणूस स्वतःबद्दल कायम वाईटच बोलत आलाय तो जाताना चांगलं कसं बोलेल?

आणि त्याच्या वाट्याला आलेलं शेवटचं दृश्य विसरू नका. चौथ्या सीझनच्या सुरुवातीला जॉफ्री राजरक्षकांचं ते पांढरं पुस्तक उघडतो आणि जेमीचं जवळजवळ कोरं पान दाखवून त्याची टर उडवतो. शेवटच्या एपिसोडमध्ये ब्रिएन तेच पान भरते. एकेक ओळ लिहिते, थांबते, आणि शेवटी लिहिते की आपल्या राणीचं रक्षण करताना गेला.

आठव्या सीझनमध्ये मालिका इतकी सावकाश फार थोड्या वेळा चालली. एक हे पान, आणि दुसरं दुसऱ्या एपिसोडमध्ये शेकोटीपाशी जेमी ब्रिएनला सरदारकी देतो ते. बघा, दोन्हीकडे कोणी कुठे जात नाहीये, नुसती बसलीयेत.

आडवाट

पानगळ, हा मुद्दा माझ्या रस्त्याच्या गोष्टीला छेद देणारा आहे, आणि मला आवडला. म्हणजे रस्ता नव्हे, वेळ. रस्ता हे वेळ काढायचं निमित्त होतं. धाग्याचं शीर्षक आता बदलत नाही, पण नोंद घेतली.

ढगफूट

मुडद्यांशी लढाईच्या एपिसोडबद्दल, 'द लाँग नाइट'बद्दल, कोणी का बोलत नाहीये? ८२ मिनिटांचा एपिसोड, लढाईसाठी ५५ रात्री शूटिंग, आणि मी टीव्हीच्या काळ्या काचेत स्वतःचंच तोंड बघत बसलो होतो. छायाचित्रकाराचं म्हणणं, लोकांना टीव्हीचं सेटिंग करता येत नाही. बरोबर आहे बाबा, आमचंच चुकलं.

उंबरठा

पण डॅनीच्या डोथराकी घोडेस्वारांच्या पेटलेल्या तलवारी अंधारात दौडत जातात आणि दूरवर एकेक करून विझतात, ते? आरडाओरडा नाही, काही नाही, नुसते दिवे मालवत गेले. तो प्रसंग अंधाराशिवाय झालाच नसता. माझ्या मते मालिकेतल्या सर्वोत्तम पाच दृश्यांत ते येतं.

युद्धशास्त्र म्हणून महामूर्खपणा, हे मान्य. घोडदळ सगळ्यात आधी फुकट घालवलं, गोफणयंत्रं पायदळाच्या पुढे मांडली. आणि दोन एपिसोडांनी डोथराकी परत आहेतच भरपूर.

शेवटचा बाक

आर्याने नाइट किंगला मारलं ते पटलं का लोकांना? मला पटलं. खंजिराचा प्रवास बघा. पहिल्या सीझनमध्ये जो देऊन ब्रॅनला मारायला माणूस पाठवला होता तोच खंजीर. लिटलफिंगरकडून ब्रॅनकडे, ब्रॅनकडून आर्याकडे. एका हातातून सोडून दुसऱ्या हातात झेलायची युक्ती ती आदल्या सीझनमध्ये ब्रिएनशी सराव करताना दाखवते. जादूगारीण मेलिसांड्राने तिसऱ्या सीझनमध्ये आर्या कोणकोणत्या रंगांचे डोळे कायमचे मिटवेल याचं भाकीत केलं होतं, त्यात निळेही होते. यात आयत्या वेळी घुसवलेलं काय आहे?

मुक्काम पोस्ट

कोणी मारलं याचा माझा वाद नाही, माणूस असो की पोरगी. पण मालिकेचं पहिलंवहिलं दृश्यच भिंतीपलीकडच्या मुडद्यांचं आहे. सिंहासनासाठी भांडणारे सगळे खुळे आणि खरं संकट उत्तरेकडून येतंय, हे आम्हाला ६९ एपिसोड सांगत होते. मग ते संकट एका रात्रीत संपलं आणि सगळे परत सिंहासनासाठी भांडायला मोकळे! नाइट किंगला काय हवं होतं हे शेवटपर्यंत धड कळलं नाही. हार्डहोममध्ये तो नुसते दोन्ही हात वर करतो आणि किनाऱ्यावरचे मुडदे उठून उभे राहतात. तिथे जी भीती वाटली होती तिची किंमत इतकीच?

आणि जॉन? त्याचा खरा बाप कोण यावर आपण किती रात्री जागवल्या. तो टार्गेरियन वारस, खरं नाव एगॉन, हे उघड झालं, आणि त्याचा उपयोग काय, तर डॅनीचा संशय वाढवणे. संपलं.

कोपरा

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

थिऑनबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्यासाठी ही मालिका त्याची आहे. मित्राला दगा दिला, दोन निरपराध पोरं जाळून ब्रॅन-रिकन म्हणून टांगली, मग रॅमसीच्या हाती त्याचं माणूसपणसुद्धा राहिलं नाही, नावही गेलं. शेवटी ज्या पोराचं घर त्याने बळकावलं होतं त्याच्याच राखणीला उभा राहतो. ब्रॅन त्याला एवढंच सांगतो की तू चांगला माणूस आहेस. आणि तो भाला घेऊन पळत सुटतो. उपयोग होणार नाही हे त्याला माहीत असतं.

माझ्यापुरता आठवा सीझन तिथे पूर्ण झाला.

सांजपक्षी

कोपरा, लिहीत जा. +१००.

चकवा

कोपरा, मस्त. जाता जाता, विंटरफेलच्या मेजवानीतला डॅनीसमोरचा कॉफीचा कप कोणाकोणाला पहिल्यांदा बघताना दिसला होता? मला तर रेडिटवर वाचल्यावर दिसला. एचबीओने दोन दिवसांत पुसून टाकला म्हणून, नाहीतर म्हटलं असतं की डॅनीची झोप उडाली होती त्याचं कारण हेच.

पानगळ

चकवा, वाया गेलेला आहेस.

मूळ विषयाकडे येते. पुस्तकं वाचलेल्यांसाठी एक वेगळी बाजू आहे. जॉर्ज मार्टिन यांचं पाचवं पुस्तक २०११मध्ये आलं, मालिका सुरू झाली त्याच वर्षी. सहावं अजून आलेलं नाही. म्हणजे मालिका पुढे निघून गेली तेव्हा मालिकेचे कर्ते बेनिऑफ आणि वाइस यांच्या हातात नुसते मुक्काम होते, मधला मजकूर नव्हता.

आणि त्यांनी एक मोठं पात्र आधीच कापलं होतं. पुस्तकात एक वेगळाच तरुण एगॉन आहे, जो स्वतःला डॅनीच्या थोरल्या भावाचा वाचलेला मुलगा म्हणवतो आणि तिच्या आधी वेस्टेरॉसला पोचतो. कल्पना करा, ही सात समुद्र ओलांडून आली आणि लोक आधीच दुसऱ्याच टार्गेरियनच्या नावाने जयजयकार करतायत! पुढे काय होईल ते मार्टिन जाणोत, मी अंदाज करतेय. पण लोकांनी आपल्याला नाकारलं हा सल तिथे दिसला असता. मालिकेत ते सगळं ओझं विंटरफेलच्या मेजवानीतल्या एका दृश्यावर टाकलंय. सगळे जॉनच्या भोवती, ही एकटी टेबलाशी. डॅनी साकारणाऱ्या एमिलिया क्लार्कने ते चेहऱ्यावर जेवढं आणता येईल तेवढं आणलंय. तिला दोष देणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शेवटचा बाक

एमिलियासाठी उभं राहून टाळ्या. आणि डॅनीची सखी मिसान्डेई! ती पहिल्यांदा दिसते ती अस्तापोरच्या गुलामांच्या सौद्यात दुभाषी म्हणून. त्याच सौद्यात डॅनी मालकाला जाळायला सांगते, 'ड्राकारिस', म्हणजे ड्रॅगनची आग. मिसान्डेईचा शेवटचा शब्दही तोच. डॅनीच्या मायबोलीतला, म्हणजे डेव्हिड पीटरसन यांनी बनवलेल्या व्हॅलिरियनमधला. ती मरताना भाषांतर करत नाही.

उंबरठा

हे मला कधीच लक्षात आलं नव्हतं. काटा आला.

मुक्काम पोस्ट

एक शंका. एचबीओ जास्त एपिसोड द्यायला तयार होतं, मग सातवा सीझन ७ आणि आठवा ६ एपिसोडांचा का केला? दमले होते तर दुसऱ्याच्या हाती द्यायचं. दहा लाखांहून जास्त लोकांनी आठवा सीझन परत बनवा म्हणून अर्जावर सह्या केल्या. त्याच वर्षी त्याच सीझनला सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी मिळालं. गंमत आहे की नाही?

सांजपक्षी

सह्या मी केल्या नव्हत्या. मनासारखा शेवट सह्यांनी मिळायला लागला तर नेड पहिल्या सीझनमध्येच वाचला असता, आणि मग आपण इथे कशाला जमलो असतो?

कोपरा

डॅनीच्या पूर्वजांवरची मालिका 'हाउस ऑफ द ड्रॅगन' कोणी बघतंय का?

शेवटचा बाक

बघतोय. पहिल्या सीझनमध्ये तेसुद्धा पाचव्या आणि सहाव्या एपिसोडच्या मध्ये दहा वर्षांची उडी मारतात, नट्यासुद्धा बदलतात. पण उडी मारली तर मारली म्हणून सांगतात, तळ्यावर माणसं थिजवून ठेवत नाहीत. आठव्या एपिसोडमध्ये कुजत चाललेला राजा व्हिसेरिस सिंहासनापर्यंत एकेक पाऊल टाकत चालत जातो. मुकुट पडतो, भाऊ उचलून घालतो. त्या दहा-बारा पायऱ्यांसाठी अख्खा सीझन माफ. दुसरा सीझन मात्र तयारी करता करताच संपला.

ढगफूट

कोणी सहाव्या सीझनचा शेवट काढा रे. एक पियानो वाजायला लागतो, जो तोवर या मालिकेत ऐकूच आला नव्हता, आणि पोटात गोळा येतो. जवळजवळ वीस मिनिटं संवाद अगदी मोजके, नुसती माणसं कपडे चढवतायत. मग हिरवा स्फोट. संगीतकार रामिन जवादींसाठी वेगळा धागा काढायला हवा. मी काढतो.

आडवाट

ढगफूट, काढच.

सगळ्यांचे प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवले. तो आता पहिल्यापासून परत बघायला बसलाय, एकटा. काल रात्री येऊन म्हणाला, नेड पहिल्याच एपिसोडमध्ये ब्रॅनला सांगतो की जो शिक्षा सुनावतो त्यानेच तलवार चालवावी. "मावशी, डॅनीने अख्ख्या मालिकेत एकदाही तलवार हातात घेतली नाही. सगळं ड्रॅगनवरून. आणि ती घंटा वाजल्यावर त्या एपिसोडमध्ये तिचा चेहराही परत दिसत नाही, नुसता ड्रॅगन दिसतो."

मी म्हटलं हे धाग्यावर टाकते.

पानगळ

चेहऱ्याचं निरीक्षण अप्रतिम. पण तलवारीचं चुकलं, भाच्याला सांग. 'द लाँग नाइट'मध्ये घेतली होती. ड्रोगॉनवरून खाली पडते, भोवती मुडदे, तिचा निष्ठावान सरदार जोरा धावत येतो, आणि ती जमिनीवरचं ड्रॅगनग्लासचं पातं उचलून त्याच्या पाठीला पाठ लावून लढते. तेवढी एकच वेळ. त्यानंतर जोरा तिच्या मांडीवर जातो.

आडवाट

अगं हो! आणि मग जमिनीवर तिच्याशेजारी उभं राहणारं कोणी उरलंच नाही.

थांब, त्याला आत्ताच दाखवते.

आडवाट

दाखवलं. इतका अंधार आहे की हातात पातं आहे की फाटलेली बाही, तेच कळेना. ढगफूट, ते टीव्हीचं सेटिंग काय करायचं असतं?